'हाफ-लाइफ' आज खेळायचा असेल तर

सुट्टीत कोपरखैरण्याला येणारा माझा भाचा मोबाईलवरच्या शूटरवर, म्हणजे गोळीबाराच्या गेमवर, वाढलेला. त्याच्यासमोर १९९८चा 'हाफ-लाइफ' लावला, तर सुरुवातीची काही मिनिटं नुसती ट्राम. "मामा, गोळ्या कधी मारायच्या?" अरे, दम धर! ब्लॅक मेसा ही प्रयोगशाळा केवढी अवाढव्य आहे, ते इथेच कळतं. माणसं आपापल्या कामात, आपण ज्याच्या भूमिकेत असतो तो शास्त्रज्ञ गॉर्डन फ्रीमन ड्यूटीवर उशिरा पोचलेला. हे नीट पाहिलंत तरच पुढचा सत्यानाश अंगावर येतो.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही हा गेम मस्त चालतो. नोव्हेंबर २०२३मध्ये, पंचविशीच्या निमित्ताने, तो बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने त्याची डागडुजी केली, त्यामुळे रुंद स्क्रीनचीही अडचण नाही. आधी 'हॅझर्ड कोर्स' हा सरावाचा भाग करा. वाकून उडी मारायला तिथे शिकलात तर पुढे चिडचिड कमी.

हेडफोन मात्र हवाच. 'ब्लास्ट पिट' या प्रकरणात खड्ड्यातून तीन प्रचंड सोंडा वर आलेल्या असतात, टोकाला चोच. त्या आंधळ्या आहेत, पण कान तिखट. शिफ्ट दाबून हळू चाला, दूरच्या कोपऱ्यात ग्रेनेड फेका, चोच तिकडे आपटायला लागली की सटका. इंधन, ऑक्सिजन आणि वीज, तिन्ही चालू करून परत वर या आणि रॉकेटचं इंजिन पेटवा. सोंडांवर गोळ्या वाया घालवू नका. आमच्या गावठाणात हळदीचा डीजे लागला की हा भाग मी सरळ दुसऱ्या दिवशीवर ढकलतो.

सैनिक आले की आडोशाला बसून राहायची सवय सोडा. ते आपसांत ओरडतात, बाजूने येतात, आणि तुम्ही हलत नाही म्हटल्यावर पायाशी ग्रेनेड टाकतात. तेव्हाच्या बहुतेक शूटरमध्ये शत्रू सरळ अंगावर धावून यायचे. मला तरी या मारामाऱ्या आजही शिळ्या वाटत नाहीत.

शिड्या मात्र वैताग आहेत. चढताना ठीक, पण वरच्या टोकाला पाय सुटला की थेट खाली. म्हणून शिडीआधी एफ-सहा दाबून झटपट सेव्ह (क्विकसेव्ह) करा, पडलात तर एफ-सातने तिथेच परत या. पण नुसत्या क्विकसेव्हवर विसंबू नका. जीव पाचावर आणि समोर तीन शत्रू, अशा वेळी एफ-सहा दाबला गेला तर आधीचा सेव्ह गेलाच. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला वेगळा सेव्ह ठेवा.

'ऑन अ रेल' हे प्रकरण उगाच लांबवलेलं आहे, रुळांच्या फाट्यांवर माणूस चकरा मारत बसतो. आणि शेवटचा झेन, म्हणजे परग्रहवासीयांची दुनिया! हवेत तरंगणारी बेटं, कमी गुरुत्वाकर्षण, आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. तिथे धावता धावता वाकून लगेच उडी मारायची, म्हणजे लाँग जंप लागते. पाण्याची चमकणारी डबकी दिसली की त्यात उभे राहा, जीव भरतो. शेवटचा मोठा शत्रू निहिलँथ, त्याच्यावर लगेच गोळ्या झाडत बसू नका. गुहेच्या भिंतींवरचे स्फटिक त्याला बरं करत असतात, ते आधी फोडा.

हाच गेम चाहत्यांनी 'ब्लॅक मेसा' नावाने नव्याने बांधला, तो २०२०मध्ये पूर्ण झाला. त्यात रुळांचा भाग छाटलाय आणि झेन जवळजवळ नवाच केलाय. तरी पहिल्यांदा जुनाच खेळा, आणि झेनमध्ये अगदीच डोकं फिरलं तर तेवढ्यापुरता नवीन लावा.