मुलगा गाडी शिकतोय? आधी पॉलिसी उघडा

चावी हातात देण्याआधी पॉलिसीतलं ‘चालक’ हे कलम वाचा. ‘वैध परवानाधारक’ एवढंच लिहिलं असेल, तर शिकाऊ परवाना त्यात धरलाय का, हे कंपनीला विचारा. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो हो, चालतं’ क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. वयाची अटही बघा. काही पॉलिसी ठरावीक वयाखालच्या चालकाला सरळ वगळतात.

पॉलिसीत चालक म्हणून मुलाचं नाव जोडायचं असेल, तर बहुधा जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक आणि तो मिळाल्याची तारीख लागते. प्रीमियम वाढू शकतो, म्हणून काही पालक मुख्य चालक म्हणून स्वतःचं नाव देतात आणि गाडी रोज मुलगीच चालवते. ही खोटी माहिती ठरते. क्लेम नाकारला जाऊ शकतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. मुख्य चालक म्हणजे गाडी जास्तीत जास्त चालवणारा, मालक असो वा नसो.

तरुण चालकासाठी क्लेममधला स्वतः भरायचा हिस्सा काही पॉलिसींत जास्त असतो. फाटकाच्या खांबाला दार घासलं, तर गॅरेजचा अंदाज आधी घ्या. बिल त्या हिश्श्याच्या आसपास असेल तर खिशातून भरा, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) वाचवा. मात्र अपघात कळवण्याची अट असेल तर क्लेम न करताही कळवा.

शिकाऊ परवान्यावर शेजारी पक्का परवानाधारक हवाच. तो नसताना ठोकली, तर विमा असूनही कंपनी हात वर करू शकते.

सगळ्यात जास्त चुकतं ते परीक्षेच्या दिवशी. केवळ शिकाऊंसाठीचं संरक्षण काही पॉलिसींत पास होताक्षणी संपतं. परतताना गाडी तुम्हीच चालवा.