व्हेंचर स्टुडिओत फाउंडर म्हणून जाताय? सहीआधी हे गणित मांडा

चाकणच्या एका वाहतूक कंपनीत नऊ वर्षं काढल्यावर मी एका व्हेंचर स्टुडिओत, म्हणजे स्वतःच्या कल्पनांवर एकामागून एक कंपन्या उभ्या करणाऱ्या संस्थेत, फाउंडर म्हणून 'रुजू झाले'. तेव्हा माझ्या तोंडी हाच शब्द होता, आणि पुढचा बराचसा घोळ या शब्दातच आहे. नोकरीत रुजू होताना आपण पगार बघतो, पद बघतो आणि सही करतो. मीही तेच केलं. त्याची किंमत अजून मोजतेय, म्हणून हे लिहितेय.

अ‍ॅक्सेलरेटर आणि स्टुडिओ यांतला फरक तुम्हाला माहीत असेलच. वाय काॅम्बिनेटरसारखा अ‍ॅक्सेलरेटर तुमच्या कंपनीत येतो. ७ टक्क्यांसाठी १ लाख २५ हजार डॉलर देतो, आणखी ३ लाख ७५ हजार डॉलर पुढच्या गुंतवणूक-फेरीच्या अटींवर देतो आणि काही महिन्यांनी तुम्हाला मोकळं सोडतो. स्टुडिओत उलटं असतं. कल्पना त्यांची, पहिले पैसे त्यांचे, डिझायनर आणि डेव्हलपर त्यांचे. तुम्ही त्यांच्या कंपनीत येता. त्यामुळे त्यांचा हिस्सा मोठा असणार, आणि त्यात गैर काहीच नाही.

ही पद्धत नवी नाही. बिल ग्रॉस यांनी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात आयडियालॅब सुरू केली ती १९९६ साली. मॉडर्ना ही लसवाली कंपनी २०१० साली फ्लॅगशिप या अमेरिकन गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिली. आपल्याकडे बंगळुरूत के. गणेश आणि मीना गणेश यांच्या ग्रोथस्टोरीचं नाव बिगबास्केट, पोर्टिया, ब्लूस्टोन यांच्याशी जोडलेलं आहे. बर्लिनच्या रॉकेट इंटरनेटची तऱ्हा वेगळी: दुसरीकडे चाललेलं मॉडेल उचलायचं आणि वेगाने नव्या देशात उभं करायचं. भारतात २०१२ साली आलेलं जबाँग हे कपड्यांचं ऑनलाइन दुकान त्यांचंच. ते २०१६ मध्ये ७ कोटी डॉलरला मिंत्राकडे गेलं. स्टुडिओ म्हणजे एकच साचा नाही, एवढं यातून घ्या. प्रत्येकाचा स्वभाव त्याच्या जुन्या कंपन्यांत दिसतो. बंद पडलेल्या कंपन्यांच्या फाउंडरांना आवर्जून फोन करा. यशस्वी फाउंडरांची नावं स्टुडिओ स्वतःहून देतो. बाकीची आपणच शोधायची.

स्टुडिओचा खरा उपयोग मला पहिल्या चार महिन्यांत झाला. मूळ कल्पना परतीचं भाडं शोधून देणाऱ्या अ‍ॅपची होती. आम्ही साठेक वाहतूकदारांना भेटलो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात बसलेला दलाल एका फोनवर गाडी भरून देतो, त्याला अ‍ॅप कशाला हवं? पाचव्या आठवड्यात स्टुडिओने ती कल्पना बंद केली. मी एकटी असते तर वर्षभर तिला कवटाळून बसले असते. खरं दुखणं दुसरीकडे निघालं. माल पोचल्यावर सही-शिक्क्याची पीओडी, म्हणजे माल मिळाल्याची पोच, परत येईपर्यंत बिल लागत नाही आणि पैसे अडकून राहतात. आजची आमची कंपनी त्यावरच उभी आहे. कल्पना मारण्याची ही शिस्त घरी बसून येत नाही, आणि त्यासाठी मी त्या स्टुडिओची आजही ऋणी आहे.

आता खड्डा. इथे सावकाश वाचा.

कॅप टेबल, म्हणजे कंपनीत कोणाचा किती टक्के हिस्सा, असं होतं: स्टुडिओ ५५, मी २५, तंत्रज्ञान सांभाळणारा माझा सहकारी १०, ईसॉप (कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर) १०. माझे २५ टक्के चार वर्षांत व्हेस्ट होणार होते, म्हणजे थोडे थोडे करून पक्के माझे होणार होते; एक वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही. स्टुडिओचे ५५ मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण त्यांचे. मी २५ या आकड्याकडे बघत राहिले आणि हे दुसरं वाक्य नजरेतून निसटलं.

त्या ५५ मधला मोठा भाग सेवांसाठी होता: डिझाइन, दोन डेव्हलपर, हिशेब, भरती. करारात त्यापुढे 'गरजेनुसार सहकार्य' एवढंच लिहिलेलं. चौदाव्या महिन्यात ती माणसं स्टुडिओच्या पुढच्या कंपनीकडे वळवली गेली. करार कुठेच मोडला नाही. सेवा थांबल्या, शेअर राहिले.

अठराव्या महिन्यात सीड गुंतवणूकदार, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात बाहेरून पैसे घालणारा, आला. त्याला २० टक्के हवे होते, आणि ईसॉप वाढवून १५. म्हणजे उरलेले ६५ आम्हा तिघांत ५५ : २५ : १० या प्रमाणात. स्टुडिओ साधारण ३९.७, मी १८, सहकारी ७.२. माझ्या १८ मधले ४८ पैकी १८ महिन्यांचेच व्हेस्ट झालेले, म्हणजे हातात पक्के पावणेसात. गुंतवणूकदाराने विचारलं, "रोज कंपनी चालवणाऱ्या दोघांकडे मिळून जेमतेम २५ टक्के, आणि काम थांबवलेल्याकडे ४०. चौथ्या वर्षी तुम्ही इथे कशासाठी असाल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ईसॉपमधून माझा हिस्सा वाढवू, असा एक तोडगा निघाला. कंपनी कायद्यानुसार प्रमोटरला आणि १० टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्या संचालकाला ईसॉप देता येत नाही. डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची) मान्यता असलेल्या स्टार्टअपला स्थापनेपासून दहा वर्षं यातून सूट आहे, पण ती मान्यता आम्ही घेतलीच नव्हती. ती पहिल्याच महिन्यात घ्या.

मग करारात काय मागायचं? स्टुडिओच्या हिश्शाचे दोन भाग करून घ्या. रोख पैशाबद्दलचे शेअर लगेच त्यांचे, त्यावर वाद घालू नका. सेवांबद्दलचे शेअर दरमहा व्हेस्ट व्हावेत, समजा २४ महिन्यांत. माणसं काढून घेतली तर व्हेस्टिंग तिथेच थांबेल आणि उरलेले शेअर ईसॉपमध्ये जातील. सेवांची यादी नावानिशी, महिन्याच्या तासांसकट लिहून घ्या. कोड आणि ब्रँड कंपनीच्या नावावर आहेत की स्टुडिओच्या, हेही त्याच बैठकीत विचारा.

वकील स्वतःच्या पैशाने करा. स्टुडिओचा वकील कितीही सज्जन असला तरी तो स्टुडिओचा असतो. नेटवरून उतरवलेल्या टर्मशीटच्या, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदाच्या, नमुन्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. स्टुडिओसाठीची कलमं त्यांत नसतातच. मेंटरांबद्दलही माझं मत कडवट झालंय. अर्ध्या तासाच्या भेटीत 'ग्राहकावर लक्ष दे' सांगणारे मला डझनभर भेटले, कॅप टेबल दाखव म्हणणारा एकही नाही. वरचं सगळं गणित मला आईच्या ओळखीतल्या चिंचवडच्या सीए काकांनी कागदावर मांडून दाखवलं, तेही उशिरा.

घाबरून जाऊ नका. वाटाघाटी होतात. चार महिन्यांच्या ओढाताणीनंतर स्टुडिओने हिस्सा कमी केला. तोवर तो गुंतवणूकदार दुसरीकडे गेला होता. पुण्यातल्या काही एंजल्सकडून (स्वतःचे पैसे घालणाऱ्या व्यक्तींकडून) लहान रक्कम मिळाली आणि कंपनी चालू आहे. पहिली नोकरी असेल, घरचा हप्ता अंगावर असेल, तरी स्टुडिओ वाईट पर्याय नाही. महिन्याचा पगार चालू ठेवून कंपनी उभी करता येण्याच्या जागा फार थोड्या आहेत. पण पगार मिळतोय म्हणून प्रश्न गिळू नका. मी गिळले होते.

आणि मसुदा हाती आला की सात दिवस मागा. मी त्याच संध्याकाळी सही केली, कारण वेळ मागितला तर जागा दुसऱ्याला जाईल असं वाटलं. दोन वर्षांनी स्टुडिओतल्याच एकाने सांगितलं, "तू मागितले असतेस तर महिनाभरही थांबलो असतो. आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतंच."