रिफॉर्मर पिलाटीज: स्टुडिओ निवडताना आधी शिक्षक पारखा

रिफॉर्मर म्हणजे स्प्रिंगना जोडलेली सरकती गादी (कॅरेज) असलेलं पिलाटीज व्यायामाचं यंत्र. ते शिकायला दोन-तीन स्टुडिओ मनात असतील तर पॅकेज घेण्याआधी प्रत्येक ठिकाणी एकेक ट्रायल क्लास करा, आणि तिथे चकचकीत यंत्रांपेक्षा शिक्षकाकडे जास्त लक्ष द्या. जुनी दुखापत, पाठदुखी, गरोदरपण, ऑपरेशन याबद्दल त्यांनी आधी विचारलं का? फूटबार, म्हणजे पाय टेकवायचा दांडा, तुमच्या उंचीप्रमाणे लावून दिला का?

खरी परीक्षा स्प्रिंगची. सगळ्यांना सरसकट एकच स्प्रिंग लावायला सांगणारा शिक्षक मला पटत नाही. फूटवर्कमध्ये, म्हणजे पायांनी दांडा ढकलताना, स्प्रिंग वाढवल्या की व्यायाम जड होतो. पण प्लँकमध्ये त्या कमी केल्या की कॅरेजचा आधार जातो आणि पोटाच्या स्नायूंना उलट जास्त कष्ट पडतात. हे नीट समजावून सांगणारा माणूस भेटला तर स्टुडिओ थोडा लांब असला तरी तिथेच जा.

प्रशिक्षणाबद्दलही मोकळेपणाने विचारा. दोन दिवसांचा कोर्स आणि मॅटसह सगळ्या उपकरणांचं शेकडो तासांचं शिक्षण, यात फार अंतर आहे. नवख्यांना छोटी बॅचच बरी. गर्दीत तुमची वाकलेली कंबर कोण बघणार? पॅकेजची मुदत आणि क्लास रद्द करण्याचे नियम मात्र लेखी घ्या.