शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन निवडताना या चुका टाळा

सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घ्यायला निघालेले बहुतेक नवखे शिकारी उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी बंदूक पसंत पडते, मग तिच्यात कोणती काडतुसे चालतात याची चौकशी होते आणि सरतेशेवटी आपण नेमकी कशाची शिकार करणार आहोत याचा विचार सुरू होतो. दुनळीत ही चूक एक वेळ खपून जाते, कारण काडतूस हलके असो वा भारी, ते काढून नवे भरण्याचे काम हातच करतात. सेमी-ऑटोमॅटिक मात्र बार उडतानाच्याच ऊर्जेवर रिकामे काडतूस बाहेर फेकते, घोडा चढवते आणि पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या भागात, ढकलते. काडतूस हा या यंत्राचा चालक आहे, म्हणून आधी शिकार ठरवावी, मग काडतूस आणि त्यानंतरच बंदूक.

हा क्रम मोडल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ८९ मिलिमीटर चेंबरचे वेड. १२ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद) ७०, ७६ आणि ८९ मिलिमीटर अशा तीन लांबीची काडतुसे प्रचलित आहेत आणि मोठ्या चेंबरमध्ये लहान काडतूसही बसते, तेव्हा सर्वांत मोठे चेंबर घेतले की सगळे प्रश्न मिटले, असा हिशेब मांडला जातो. ८९ मिलिमीटरच्या काडतुसामागे एक खरी गरज होती. पाणपक्ष्यांच्या शिकारीत अनेक देशांनी शिशाचे छर्रे बंद केले. अमेरिकेत ही बंदी १९९१ साली देशभर पूर्णपणे लागू झाली. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम आणि शिशाची ११.३ ग्रॅम असल्यामुळे तोच परिणाम साधण्यासाठी पोलादाचे छर्रे मोठे घ्यावे लागतात आणि त्यांना जागाही जास्त लागते. उंचावरून जाणाऱ्या हंसांसाठी ते काडतूस योग्यच आहे. पण तितर, लावे किंवा पारवे यांच्यासाठी २८ ते ३२ ग्रॅम छर्ऱ्यांचे काडतूस वापरणाऱ्याने ही बंदूक घेणे म्हणजे नको असलेले वजन, लांबी आणि मोठा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) दिवसभर वाहून नेणे होय. शिवाय २८ ग्रॅमपासून ५० ग्रॅमच्या पुढपर्यंतची काडतुसे एकाच यंत्राने पेलायची म्हटल्यावर हलक्या काडतुसांवर ती अडखळण्याची शक्यता वाढते. भारी काडतुसांचा धक्का बसू लागला की नवखा माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो, आणि ही सवय जडली की ती मोडायला फार काळ लागतो. पाणपक्षी आणि इतर पक्षी अशा दोन्ही शिकारींसाठी मी ७६ मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि कोणाला तसा सल्लाही देत नाही.

उलट दिशेची चूक याहून घातक आहे. जुन्या बंदुकांमध्ये ६५ मिलिमीटरचे चेंबर आढळते आणि त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस विनातक्रार बसते, कारण काडतुसावर छापलेली लांबी त्याचे दुमडलेले तोंड उघडल्यानंतरची असते. बार होताना ते तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो. जुनी बंदूक घेताना चेंबर जाणकाराकडून मोजून घ्यावे.

आता बोल्ट कशाच्या जोरावर मागे जावा, गॅस की इनर्शिया (जडत्व), या वादाकडे वळतो. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत नळीला बारीक छिद्रे असतात. त्यातून थोडा वायू पिस्टनवर येतो आणि पिस्टन बोल्टला मागे रेटतो. रेमिंग्टन ११०० ही १९६३ साली आलेली बंदूक या जातीची सर्वपरिचित प्रतिनिधी आहे. हिचा धक्का सौम्य जाणवतो, मात्र पिस्टनवर काजळी धरते. बेनेली या इटालियन कंपनीने रूढ केलेल्या इनर्शिया पद्धतीत बोल्टचे धड आणि त्याचे फिरते डोके यांच्यामध्ये एक ताठ स्प्रिंग असते. बार होताच बंदूक मागे सरकते, जड धड जागच्या जागी राहू पाहते, स्प्रिंग दबते आणि मग तीच बोल्टला मागे फेकते. ही बंदूक स्वच्छ राहते, पण तिला मागे सरकायला मोकळीक लागते. तिच्यावर भारी दुर्बीण, जादा काडतुसांचा पट्टा आणि टॉर्च लादले, किंवा दस्ता एखाद्या कठीण आधाराला टेकवून बार केला, तर ती अडते.

दोन्ही पद्धती उत्तम आहेत. बिघडते ते तिसऱ्याच ठिकाणी. बदकांच्या शिकारीला आमच्यासोबत एक तरुण आला होता, हातात कोरी इनर्शिया बंदूक. पहाटेच्या अंधारात लपणात बसल्यावर आवाज नको म्हणून त्याने काडतूस घातले आणि बोल्टची मूठ धरून तो अगदी हळूहळू पुढे सोडला. बोल्ट बंद झालेला दिसत होता, पण त्याचे फिरते डोके खाचांमध्ये पुरते वळलेले नव्हते. उजाडताना थवा पाण्यावर उतरू लागला, तो उभा राहिला, चाप ओढला आणि नुसती खट्ट झाली. त्याने लगेच बोल्ट ओढला, काडतूस पाण्यात पडले, दुसरे त्याने पुन्हा तितक्याच हळुवारपणे घातले आणि पुन्हा तेच. पाण्यातून काढलेल्या काडतुसाच्या टोपीवर, जिच्यावर पिन आदळून बार होतो, पिनेचा ओरखडाही नव्हता. दुपारपर्यंत त्याने बंदूक सदोष ठरवली. मी ती रिकामी करून त्याला दाखवली: मूठ पूर्ण मागे ओढून सोडली की बोल्ट खाडकन बंद होतो, हळू सोडली तर शेवटच्या थोड्याशा अंतरात डोके वळायचे राहते. मूठ किंचित मागे घेऊन सोडताना ते वळणे डोळ्यांना स्पष्ट दिसते. त्याने मान डोलावली आणि पुढच्या हंगामाआधी ती बंदूक विकून गॅसची घेतली.

पुढच्या हंगामात ती गॅसची बंदूकही अडू लागली. पुढचा लाकडी भाग काढला तेव्हा पिस्टनवर तेल आणि काजळी यांचा चिखल झालेला होता, आणि सकाळच्या थंडीत तो घट्ट होऊन बोल्ट रेंगाळत होता. अडली की तेल घालायचे, हा त्याचा एकमेव उपाय होता. यंत्र बदलले, माणसाची घाई तीच राहिली. बंदूक समजून घ्यायला एक संध्याकाळ लागते आणि ती संध्याकाळ द्यायची ज्याची तयारी नाही, त्याने सेमी-ऑटोमॅटिक घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी रीत साधी आहे: भरताना बोल्ट सोडून द्यायचा, मग तळहाताने मूठ पुढे दाबायची, झुडपांतून वाट काढल्यावर किंवा बंदूक कुठे आपटल्यावर पुन्हा दाबायची. तेलाचे थेंब मोजके, तेही कापडाने पुसून घेतलेले. आणि खट्ट झाल्यावर लगेच बोल्ट उघडणे ही त्या तरुणाची सर्वांत मोठी चूक होती. काडतूस उशिरा पेटू शकते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबलेच पाहिजे.

बोल्ट परत पुढे आणणारी स्प्रिंग कुठे आहे, हेही खरेदीच्या वेळीच विचारावे. काही बंदुकांत ती मॅगझीनच्या, म्हणजे जादा काडतुसे ठेवण्याच्या, नळीभोवती असते आणि सहज पुसता येते. काहींत ती दस्त्याच्या आत असते, तिथे पाणी शिरते, गंज चढतो आणि वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही.

वापरलेली ११०० घेताना गॅसच्या भागातली लहानशी रबरी कडी जागेवर आहे का ते पाहावे; ती तुटली वा हरवली की बंदूक आपोआप भरणे थांबते. अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरची जुनी ऑटो-५ घेत असाल, तर मॅगझीनवरच्या घर्षण-कड्यांची मांडणी काडतुसाच्या ताकदीप्रमाणे बदलावी लागते. हलक्या काडतुसांची मांडणी ठेवून भारी काडतुसे उडवल्याने पुढचे लाकूड तडकते.

दस्ता अंगाला बसतो की नाही, याकडे मात्र जाणतेही दुर्लक्ष करतात आणि मग चोक (नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा पसारा ठरवणारा आवळलेला भाग) बदलत राहतात. शॉटगनला मागची साइट नसते. नेमबाजाचा डोळाच ते काम करतो, म्हणून गाल दस्त्यावर कुठे टेकतो यावर छर्रे कुठे जाणार हे ठरते. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला धरून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नळीवरच्या पट्टीच्या टोकाला माशी (नेम धरण्याचा लहान मणी) सरळ रेषेत दिसली पाहिजे. बोल्टच्या घराची मागची बाजूच दिसत असेल तर गाल फार खाली आहे. पट्टी रस्त्यासारखी लांबवर दिसत असेल तर फार वर. बऱ्याच बंदुकांसोबत दस्ता वर-खाली आणि डावी-उजवीकडे करण्यासाठी पातळ पट्ट्या मिळतात आणि त्या वर्षानुवर्षे पेटीतच पडून राहतात. ही परीक्षा शिकारीच्या जाड कोटातच करावी, कारण कोटाची जाडी दस्त्याच्या लांबीत मिळवली जाते. डावखुऱ्यांनी काडतूस डावीकडे टाकणारी बंदूक शोधावी.

नळीच्या लांबीवर वाद घालण्यात अर्थ नाही. सेमी-ऑटोमॅटिकचे बोल्टचे घर दुनळीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर लांब असते, तेव्हा ६६ सेंटिमीटरची नळीही पुष्कळ झाली.

फुल, म्हणजे खूप आवळलेल्या, चोकमधून पोलादी छर्रे उडवू नयेत, अशी बहुतेक निर्मात्यांची सूचना असते. चोकवर काय कोरले आहे ते वाचावे. आणि शिकारीला जाण्याआधी ३६ मीटरवर कागद लावून त्याच काडतुसाने बार करून छर्रे कसे पसरतात ते पाहावे. हे कोणी करत नाही, आणि पक्षी जखमी होऊन निसटतात.

मॅगझीनमध्ये किती काडतुसे भरायची, हे कायदा ठरवतो. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत चेंबर धरून तीनच चालतात आणि त्यासाठी मॅगझीनमध्ये अडसर बसवावा लागतो. शिकारीला परवानगी कुठे आहे, कशाची आहे, हे तर त्याच्याही आधी पाहावे.

एक बार झाल्यावर ही बंदूक पुन्हा भरलेली आणि घोडा चढलेली असते. दुनळीतून आलेल्यांच्या अंगवळणी हे लवकर पडत नाही, म्हणून प्रत्येक बारानंतर सेफ्टी लावावी, आणि बंदूक रिकामी केल्यावर बोल्ट उघडा ठेवून चेंबरमध्ये बोट घालून पाहावे. १२ आणि २० बोअरची काडतुसे एकाच खिशात कधीही ठेवू नयेत. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते, चेंबर रिकामे दिसते आणि त्यामागे १२ बोअरचे काडतूस भरून बार केला की नळी फुटते. बऱ्याच निर्मात्यांनी २० बोअरची काडतुसे पिवळी केली आहेत ती याचसाठी. घरात दोन्ही बोअरच्या बंदुका असतील तर कोटही दोन वेगळे ठेवावेत.