टायमिंग चेन कधी बदलायची? आधी आवाज ओळखा

क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका मेळात फिरवायला इंजिनात टायमिंगची चेन असते किंवा बेल्ट. तुमच्या गाडीला चेन आहे की बेल्ट, एवढं आधी पाहा. मारुती ८००, अल्टो ८००, जुनी सँट्रो यांना बेल्ट. तो पुस्तिकेतल्या किलोमीटरला मुकाट्याने बदलायचा, कारण तुटण्याआधी तो काही कळू देत नाही. चेन कळू देते. ‘लाख किलोमीटर झाले, चेन टाकून घ्या’ हा बेल्टचा नियम चेनच्या गळ्यात बांधलेला आहे. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात चेन दोन लाखांनाही ठणठणीत असू शकते. ऑइल बदलायची टाळाटाळ केली, तर त्याच्या कितीतरी आधी वाजायला लागते.

आता आवाज. माझे पैसे इथेच बुडाले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडी रात्रभर उभी हवी. गॅरेजपर्यंत चालवत नेलेल्या गरम गाडीवर चेनचं निदान करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येच बॉनेट उघडा, घरातल्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि तुम्ही पुलीच्या बाजूला उभे राहा. बहुतेक गाड्यांत चेन तिथल्याच कव्हरमागे असते. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट दोन-तीन सेकंदांत थांबला, तर लगेच इंजिन उघडू नका. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि दाब यायला तेवढा वेळ लागू शकतो. आधी ऑइलची पातळी बघा, चांगला फिल्टर टाका. स्वस्त फिल्टरमधलं ऑइल रात्रीत खाली उतरू शकतं आणि सकाळी टेन्शनर कोरडा. खळखळ गरम झाल्यावरही राहिली, किंवा रेस सोडताना उमटली, तर मात्र चेनवर संशय घ्या.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची, टिकटिक वेगळी. ती वरच्या झाकणातून येते, एका लयीत.

आणि कुणीच न सांगितलेली गोष्ट. इंजिन बंद करून बाहेरचा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) फिरवणारा बेल्ट काढा आणि फक्त दहा-पंधरा सेकंद स्टार्ट करा. जास्त नको, इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही बहुधा त्याच बेल्टवर असतो. आवाज गेला? मग दोष चेनचा नाही. अल्टरनेटरचं, पंपाचं किंवा आयडलर पुलीचं बेअरिंग बघा. माझ्या २०११ च्या वॅगनआरला एका गॅरेजने हे न करताच नवी चेन बसवली. बिल भरलं, आणि कात्रजचा घाट चढताना तोच आवाज पुन्हा. घरी येऊन जुनी चेन नव्या चेनच्या मापाशी ताडून पाहिली, तर लांबी जवळजवळ तेवढीच. बेअरिंग गेलं होतं अल्टरनेटरचं.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅन करा. पी००१६ कोड म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. तो वायरिंग किंवा सेन्सरमुळेही येतो, पण कोड आणि खळखळ दोन्ही असतील तर गाडी चालवू नका. चेनने दात सोडले, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, काम निघतं.

सामान पुण्यात नाना पेठेत मिळेल. नुसती चेन घेऊ नका: टेन्शनर, चेनला वाटेत धरणारे दोन्ही गाइड, क्रँकचं ऑइल सील एकदम घ्या. स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे) दात हुकसारखे वळले असतील तर तेही.

क्रँक आणि कॅमच्या चक्रांवरच्या खुणा जुळवणं मेकॅनिकचं काम आहे, पण कव्हर लागण्याआधी तिथे हजर राहा. टेन्शनर बसवताना दाबून धरणारी पिन काढली का, ते बघा. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायला लावा. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही, पुन्हा खुणा बघायच्या. ‘स्टार्टर मारूनच बघू’ कुणी म्हणालं तर चावी तुमच्या खिशात ठेवा.