अंतूरचं तळं: चढायचं खोऱ्यातून, उतरायचं पठारावरून

कन्नड तालुक्यातला अंतूर किल्ला अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या एका सोंडेवर आहे. तटाच्या आत, अगदी माथ्यावर मोठं तळं आहे. वर जायला दोन बाजू. नागापूरहून पठारावरून कच्चा रस्ता किल्ल्याजवळ येतो, तर खालच्या खोऱ्यातून पायवाट उभी चढते. उभ्या वाटेवर चढताना दम लागतो, पण पाय सहसा निसटत नाही. उतरताना नेमकं उलटं. दम शाबूत असतो, म्हणून माणूस भरभर उतरतो, आणि गुडघे तोवर थकलेले असतात. म्हणून खोऱ्यातून चढा, पठाराच्या बाजूनं उतरा आणि गाडी वळसा घालून नागापूरच्या बाजूला बोलावून ठेवा. डिझेल थोडं जास्त जातं, तेवढंच.

डिसेंबर-जानेवारी हा सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो खरा, पण कातळावर शेवाळ धरतं आणि पठारावरच्या चिखलात गाडी रुतते. ऑक्टोबरात गवत उंच असतं. वाट, खड्डा आणि फुरसं तिन्ही त्यात दडतात. मार्च उजाडला की पानझडीच्या या रानात सावली उरत नाही.

हा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा. निघायच्या आधी वन खात्याकडे प्रवेशाची चौकशी करा आणि पायथ्याच्या वस्तीतून गावातलाच एक वाटाड्या घ्या. गुरांच्या वाटांनी इथं इतके फाटे फुटतात की मोबाइलवरच्या नकाशाचा फारसा उपयोग होत नाही. दरीत रेंजही जाते. गुरांच्या वाटा डोंगराला आडव्या फिरतात, माथ्याला जात नाहीत. अर्धा तास चालूनही उंची वाढली नसेल, तर वाट चुकली असं समजा आणि शेवटच्या फाट्यापर्यंत मागं या. सरळ वर घुसून वाट काढायला जाऊ नका, पुढं कडाच लागतो.

वेळेचा हिशेब असा: सपाटीवर तासाला चार किलोमीटर आणि त्याखेरीज दर तीनशे मीटर चढाला एक तास जास्त. पोरंसोरं किंवा नवखे सोबत असतील तर दीडपट धरा. सकाळी सातला चढायला लागा. दुपारी दोनला तळ्यावर असाल-नसाल, परतीला लागा. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं.

माणशी तीन ते चार लिटर पाणी न्या. जड वाटलं तरी कमी करू नका, वाटेत भरवशाचं पाणी नाही. त्यातलं एक लिटर मीठ-साखरेचं असू द्या: सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम, कारण दुपारपर्यंत टिकतात. चढताना गूळ-शेंगदाणे खिशात हवेत. चढाच्या मधोमध पोटभर जेवलात तर पाय उचलत नाहीत, जेवण तळ्यावरच.

तळ खोल खाचांचा असलेले, जुने, पायात बसलेले बूट घाला. नख वाढलेलं असेल तर उतारावर ते बुटाच्या टोकाला धडकून काळं पडतं, म्हणून आदल्या रात्री नखं कापा.

चढताना पाऊल लहान, टाच टेकलेली आणि चाल नागमोडी. बोलता येत नाही इतका दम लागला म्हणजे वेग जास्त झाला. खरा त्रास घसाऱ्याचा. कातळावर पसरलेल्या मुरमाच्या खड्यांवर पाय ठरत नाही. अशा जागी एका वेळी एकच माणूस चढू द्या, बाकीच्यांनी बाजूला, आडोशाला थांबायचं. वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला तर त्यानं मोठ्यानं “दगड!” म्हणून ओरडावं. हाताला लागेल ते झुडूप किंवा वाळलेलं गवत धरू नका, मुळासकट हातात येतं. उतारावर घाबरून मागं झुकाल तर टाच घसरते आणि माणूस पाठीवर आपटतो. गुडघे वाकवा, वजन पावलांवर ठेवा, फार उतार असेल तर आडवे होऊन उतरा.

वर किल्ल्याचे दरवाजे एकामागोमाग लागतात. फारसी शिलालेखही आहे, त्यावर काही न कोरता तो बघायचा. कडे-बुरुजांवर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, धूर आणि अत्तर तिन्ही बंद. माश्या उठल्या तर हात झाडत बसू नका. तोंड-डोकं कापडानं झाकून जिथून आलात तिकडं निघा. मात्र कड्याच्या काठाला धावू नका. तळ्यात उडी मारणं, हे आपलं ठाम मत, मूर्खपणा आहे: किल्ल्यावरच्या तळ्यांच्या बाजू उभ्या असतात, पायरी शेवाळलेली असते आणि पोहणारा दमला की धरायला काही नसतं. पाणी प्यायची वेळच आली तर फडक्यानं गाळून खळखळ उकळा. क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकलेत, तर अर्धा तास थांबून मगच प्या.

परतताना पठाराच्या बाजूला किल्ला पठारापासून वेगळा करण्यासाठी कातळात खोदलेला खंदक लागतो. तिथं उड्या मारू नका, मळलेल्या वाटेनंच पार व्हा.

साप चावला तर जखम कापू, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत आणा. रेंज मिळताच 108 ला फोन करा आणि कन्नडच्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का, ते निघतानाच विचारा.