ताग, अंबाडी आणि सुताचा दोर घरी मऊ करताना या चुका टाळा

तागाचा किंवा अंबाडीचा नवा दोर हाताला टोचतो, त्याचे कुसळासारखे तंतू कपड्यांना चिकटतात आणि त्याला मारलेली गाठ नीट बसत नाही. गॅलरीतल्या कुंड्यांची शिंकाळी, मॅक्रमेचे विणकाम किंवा मांजराच्या खांबाभोवती गुंडाळायचा दोर अशा कामांसाठी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून दोर आणणारे बरेच जण तो घरीच मऊ करू पाहतात, आणि पुष्कळदा तो मऊ होण्याऐवजी पिंजून जातो, चिकट होतो किंवा त्याला बुरशी धरते. याच्या मुळाशी बहुधा पाण्याने आणि तेलाने दोर मऊ होतो हा समज असतो. दोर मऊ होतो तो वाकवून, वळवून आणि ओढून. पाण्याने त्यातला मळ निघतो आणि तेलाचे काम शेवटच्या हातापुरते असते.

दोराची निवड

काथ्याचा दोर कितीही उकळला तरी मऊ होत नाही, कारण तंतूला ताठपणा देणारा लिग्निन हा घटक नारळाच्या काथ्यात ४० टक्क्यांहून अधिक असतो. तागात तो १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असतो आणि कापसात जवळजवळ नसतोच. घायपाताचा दोर थोडा नरम पडतो, तरी कातडीला लागतोच. म्हणून मऊ दोर हवा असेल तर ताग, अंबाडी किंवा सूत यांतूनच निवड करावी. हल्ली तागासारख्या रंगाचे प्लास्टिकचे दोरही सर्रास विकले जातात. त्यातला एक तंतू सुटा काढून जाळून पाहावा: ताग कागदासारखा जळून राख होतो, प्लास्टिक वितळून त्याचा टणक मणी बनतो.

उकळण्याचा अतिरेक

तागाच्या नव्या दोराला रॉकेलसारखा वास येतो, तो गिरणीतला. तंतू विंचरण्यापूर्वी ते नरम पडावेत म्हणून त्यांच्यावर खनिज तेल आणि पाणी यांचे मिश्रण शिंपडले जाते. वाशीच्या बाजार समितीत रचलेल्या नव्या बारदानालाही हाच वास असतो. (कोको, कॉफी यांसारख्या मालाच्या गोण्यांसाठी मात्र खनिज तेलाऐवजी तांदळाच्या कोंड्याचे तेल वापरतात.) हा वास एका दिवसात घालवण्याच्या नादात लोक दोर तासन्‌तास उकळतात, त्यात धुण्याचा सोडा टाकतात आणि कधीकधी ब्लीचही ओततात. तागाचा लांब दिसणारा तंतू प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या पेशींचा बनलेला असतो, आणि त्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे घटक सोड्यामुळे आणि ब्लीचमुळे विरघळू लागतात. मग दोर मऊ लागतो खरा, पण ताण दिला की तुटतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण माणसांना लागू पडत असेल. उकळत्या पाण्यात सुटा सोडलेला दोर आपला पीळ चटकन गमावतो.

गरम पाण्यात सौम्य साबण टाकून दोर अर्धा तास बुडवून ठेवावा, नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावा, एवढे पुरे. पहिले पाणी चहासारखे तपकिरी निघते, त्याने घाबरू नये. मात्र स्वयंपाकाचे पातेले यासाठी वापरू नये. दोर भिजवण्याआधी दोन्ही टोके सुती धाग्याने आवळून बांधावीत, नाहीतर पेड टोकाकडून उलगडत जातात. उन्हाळ्यात घोडबंदर रोडवरच्या अनेक सोसायट्यांना टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरावे लागते. असे पाणी जड असेल तर साबण त्यात फुटतो, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि वाळल्यावर दोर पूर्वीपेक्षा कडक होतो. अशा वेळी निदान शेवटचे खळबळणे तरी नळाच्या पाण्यात करावे. वॉशिंग मशीनमध्ये दोर टाकायचाच असेल तर तो उशीच्या अभ्र्यात बांधून टाकावा. सुटे तंतू मशीनच्या गाळणीत अडकले की पाणी तुंबते.

वाळवण्यातली गफलत

सर्वाधिक दोर वाळवताना बिघडतात. पिळाचा दोर भिजला की तंतू फुगतात, दोर जाड होतो आणि लांबीला आखडतो. वाळताना तो पुन्हा लांबतो. त्यामुळे ओला असताना दोन खिळ्यांमध्ये ताठ बांधलेला दोर सकाळी सैल लोंबताना दिसतो आणि त्या सैल अवस्थेतच त्यात वेटोळी पक्की बसतात. यावर उपाय म्हणजे दोर वरच्या हुकाला बांधून खाली पाण्याची भरलेली बाटली टांगावी. मात्र बाटली मोकळी सोडली तर ती गरगर फिरते आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर दोराचा पीळ उलगडतो. म्हणून बाटलीला आडवी काठी बांधून ती कठड्याच्या दोन गजांमध्ये अशी अडकवावी की बाटली वरखाली होईल, पण फिरणार नाही.

हे काम शक्यतो नोव्हेंबर ते मे या काळातच करावे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की बाहेरून वाळलेला दोर पेडांच्या आत ओलाच राहतो आणि आठवडाभरात त्यावर काळे ठिपके उमटतात. दोर वाळला की नाही हे वरून चाचपून कळत नाही. दोन्ही हातांनी उलटा पीळ देऊन पेड किंचित उघडावेत आणि आतला भाग गालाला लावून पाहावा. गार लागला तर ओल आहे. उन्हात तासभर ठेवायला हरकत नाही, पण दिवसेंदिवस ऊन दिल्यास ताग पिवळा पडतो आणि कमजोर होतो.

सुटे तंतू जाळणे

हे काम धुऊन वाळवल्यानंतर आणि तेल लावण्यापूर्वीच करावे. तेल लावलेला दोर शेगडीवर धरणे हा सरळसरळ धोका आहे. मेणबत्तीच्या ज्योतीने काजळी धरते, म्हणून गॅसची निळी ज्योत वापरावी आणि दोर तिच्यावरून एका लयीत पुढे सरकवत राहावे. दोर कुठे तपकिरी झाला तर तिथला तंतू ठिसूळ झाला असे समजावे. ताग ज्योतीविना आतल्या आत धुमसत राहतो, त्यामुळे काम झाल्यावर संपूर्ण दोरावरून ओलसर फडका फिरवावा, तो तासभर नजरेसमोर ठेवावा आणि बादलीभर पाणी हाताशी असू द्यावे. सुती दोराला या सोपस्काराची सहसा गरज पडत नाही.

वळवण्याचा कंटाळा

ज्या कामाने दोर खरोखर मऊ होतो, तेच कंटाळवाणे असल्यामुळे टाळले जाते. दोराच्या जाडीच्या तीन-चार पट व्यासाचा गुळगुळीत, गंज नसलेला पाइप घेऊन त्याला दोराचा एक वेढा द्यावा आणि दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत खेचावा, मग बाजू बदलून तेच पुन्हा करावे. पाइप याहून बारीक घेतला तर तंतू मोडतात. खेचताना पीळ एका टोकाला साचत जातो; अधूनमधून दोर मोकळा लोंबकळू द्यावा, म्हणजे तो आपोआप फिरून सारखा होतो. गुंडाळी करतानाही उजव्या पिळाचा (उभा धरल्यावर ज्याचे पेड वर जाताना उजवीकडे झुकतात असा) तीनपेडी दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावा.

तेलाची चुकीची निवड

जवसाचे तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते, शिवाय त्याने भिजलेली फडकी चोळामोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते घरात वापरूच नये. मोहरीचे तेलही कालांतराने चिकटते. खोबरेल चालते, पण ओल राहिलेल्या दोरात ते खवट होते आणि थंडीतल्या सकाळी थिजते. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन किंवा बेबी ऑइल खवट होत नाही. सहा मिलिमीटर जाडीच्या आठेक मीटर दोराला अर्धा चमचा तेल पुरते: ते तळहातांवर चोळून हातांतून दोर ओढावा. त्यानंतर दोर कागदावर ठेवून पाहावा; डाग उमटला तर तेल जास्त झाले. असा किंवा चिकट झालेला दोर पुन्हा कोमट साबणपाण्यात धुऊन ताणावर वाळवावा.

बिघडलेला दोर

वास राहिला असेल तर तेल-अत्तराने तो झाकू नये. दोर सावलीत, वाऱ्यावर काही दिवस टांगावा. काळे ठिपके मात्र घासून निघाले तरी बुरशीने तंतू खाल्लेला असतो. पेड उघडल्यावर आत भुकटी दिसली किंवा सुटा तंतू सहज तुटला, तर तो दोर फक्त शोभेच्या कामाला ठेवावा. चांगला दोरही प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. डांबराच्या गोळ्यांनी कीड दूर राहते, ओल नव्हे.

झोपाळा, पाळणा किंवा मुले लोंबकळतील अशी कोणतीही गोष्ट घरी मऊ केलेल्या तागाच्या दोरावर टांगू नये. भिजलेला ताग कमजोर होतो, उलट सुती दोर ओला असताना अधिक बळकट असतो, आणि नुसत्या गाठीनेही दोराची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. अशा कामासाठी किती भार पेलतो याची खात्री दुकानदार देईल असा नवा दोर घ्यावा आणि जिथे तो हुकाला घासतो ती जागा दर महिन्याला तपासावी.